परदेशात शिकायला जायचंय? कोल्हापुरात बसून देश, कोर्स आणि अर्ज कसा ठरवायचा

डिग्रीचा निकाल लागला की माझ्याकडं कुणी ना कुणी येतंच. शेजारच्या काकूंचा मुलगा, मित्राची धाकटी बहीण, नाहीतर कुणाच्या तरी मामांचा फोन. मी जर्मनीत मास्टर्स करून आलोय म्हणून विचारतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कुठला देश चांगला?" माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी घरातला पैसा, मग कोर्स, मग तो कोर्स नीट शिकवणाऱ्या युनिव्हर्सिट्या, आणि एवढं झालं की देश दोन-तीनच उरतात. मित्र कॅनडाला गेला म्हणून मीपण कॅनडा, अशी सुरुवात केलेली पोरं मी बघितलीत, त्यातली काही वर्षभरानं परत माझ्याकडंच आली आणि सगळं पहिल्यापासनं करावं लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पैशाचा हिशोब, आई-बाबांना समोर बसवून

एक वही घ्या आणि तीन आकडे लिहा: पूर्ण कोर्सची फी, तिथं राहण्या-खाण्याचा महिन्याचा खर्च गुणिले कोर्सचे महिने, आणि इथनं निघायच्या आधी होणारा खर्च. तिसरा आकडा सगळे विसरतात. परीक्षा, अर्जांच्या फिया, व्हिसा, विमानाचं तिकीट, मुंबई-पुण्याच्या फेऱ्या असं धरलं तर प्रवेश हातात पडायच्या आधीच बरीच रक्कम गेलेली असते, आणि ही कर्जातनं सहसा मिळत नाही, घरातनंच घालावी लागते.

आता कर्ज. समजा ३० लाख घेतले, व्याज ११ टक्के, फेडायला १० वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ४१ हजार ३०० रुपये येतो. आणि शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं, पूर्ण ३० लाख उचललेले असतील तर वर्षाला ३ लाख ३० हजार नुसतं व्याज. तेव्हा बाबांनी विचारलं की "परत आलास आणि इथंच नोकरी लागली तर हप्ता भागेल का?" तर तो प्रश्न टाळू नका, त्याचं उत्तर वहीत लिहा. तिथं नोकरी लागेल असं धरून केलेला हिशोब हा अर्धाच हिशोब आहे.

आपल्या भागात एक गैरसमज लई आहे. चार एकर उसाचं रान आहे, त्याच्यावर कर्ज होईल असं घरचे गृहीत धरतात. शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, कारण थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. त्यांना फ्लॅट, एनए प्लॉट, प्रॉपर्टी कार्ड असलेलं घर, एफडी असलं काहीतरी लागतं. साधारण नियम असा आहे की चार लाखांपर्यंत तारण नाही, चार ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्याच्या वर तारण. काही नामांकित युनिव्हर्सिट्यांसाठी बँका विनातारण मोठी रक्कम देतात, खासगी फायनान्स कंपन्याही देतात, पण कंपन्यांचं व्याज चढं असतं.

आणि घर असलं तरी ते कुणाच्या नावावर आहे ते आत्ताच बघा. आजोबांच्या नावावर असेल, वारस नोंद झाली नसेल, काकांची सही लागणार असेल, तर हे काम दोन दिवसांत होत नाही, त्याला महिने जातात. बँकेचा वकील टायटल सर्च करतो, व्हॅल्युअर येऊन मोजून जातो, बांधकाम परवाना, घरफाळ्याच्या पावत्या मागतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा प्रवेश झाला होता, सगळं झालं होतं, आणि कर्ज अडलं ते चुलत्यांच्या सहीपायी. चुलते वाईट नव्हते, त्यांना कुणी वेळेत विचारलंच नव्हतं. म्हणून अर्ज करायच्या आधी एकदा बँकेत जाऊन कागद दाखवून या, नुसती चौकशी केली म्हणून कुणी पैसे मागत नाही. सरकारचं विद्यालक्ष्मी पोर्टल आहे, तिथनं एकाच फॉर्मवर एकापेक्षा जास्त बँकांकडं अर्ज करता येतो.

शिष्यवृत्ती आधी बघा, कारण युनिव्हर्सिटीची निवड त्यावर फिरते

कोल्हापूरकरांनी तर हे आधीच बघायला पाहिजे. डॉ. आंबेडकर बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत कोलंबियाला गेले, १९१६ ला लंडनला पोचले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला शिक्षण अर्ध्यात सोडून परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, मित्रानं हात दिला, आपल्या शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा कुठं १९२० ला परत लंडन गाठता आलं. एवढ्या मोठ्या माणसाचंही शिक्षण पैशापायी तीन वर्षं थांबलं होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की पहिल्या वर्षाचे पैसे जमले म्हणून निघू नका, शेवटच्या सेमिस्टरचे पैसे कुठनं येणार ते माहीत असेल तेव्हा निघा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, त्यात फी, राहण्याचा खर्च, विमानभाडं येतं. मराठा, कुणबी मुलांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या त्या विभागाच्या योजना आहेत. यात युनिव्हर्सिटीच्या क्यूएस रँकिंगची (जगातल्या युनिव्हर्सिट्यांची क्रमवारी) अट असते, उत्पन्नाची अट असते, वयाची असते, आणि ती त्या वर्षीच्या जाहिरातीप्रमाणं बदलते, तेव्हा मागच्या वर्षीचा व्हॉट्सअॅप मेसेज न वाचता चालू वर्षाची जाहिरात वाचा. रँकिंगची अट असते म्हणूनच हा भाग वर घेतलाय. तुम्ही पात्र असाल तर युनिव्हर्सिटीची यादी करतानाच त्या रँकिंगच्या आतल्या निवडायला लागतात, नंतर कळून उपयोग नसतो. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी म्हणजे जातपडताळणीचा दाखला, डोमिसाईल आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीपासनं तयार ठेवा, व्हॅलिडिटी तर आजच बघा.

कोर्स: आपल्या भागात काय चालतंय ते डोळ्यापुढं ठेवा

"एमएस करायचंय" एवढं पुरत नाही. कशात, आणि ते शिकून रोज काय काम करणार, हे दोन वाक्यांत आईला सांगता आलं पाहिजे.

आपल्या भागातल्या पोरांकडं एक ठेवा असतो आणि त्यांना तो दिसत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या बघत वाढलेला मुलगा कास्टिंगबद्दल जे सांगू शकतो ते दिल्ली-बंगलोरच्या मुलाला सांगता येत नाही. जर्मनीत फ्रायबेर्गच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत फाउंड्रीचं स्वतंत्र इन्स्टिट्यूट आहे, आखेनच्या आरडब्ल्यूटीएचमध्ये धातुशास्त्र मोठं आहे. इचलकरंजीच्या पोरांना टेक्स्टाइलसाठी आखेन आहेच, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये टेक्स्टाइलचं वेगळं कॉलेज आहे, इंग्लंडात मँचेस्टर आहे. शेतीत शिकायचं असेल तर नेदरलँड्समधलं वाखेनिंगन. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर बघितलेल्या सिव्हिलच्या मुलांना जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये पाण्यावरचं इंग्रजीतलं मास्टर्स आहे, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आहे. ही नावं तुम्ही तिथंच जावं म्हणून सांगत नाही, शोधायचं कसं ते दाखवतोय: आधी विषय, मग त्या विषयाची जुनी जागा.

युनिव्हर्सिटीच्या वेबसाईटवर जाऊन कोर्सची सगळ्या सेमिस्टरची विषययादी वाचा. कोण शिकवतं, कुठल्या लॅब आहेत, इंटर्नशिप सक्तीची आहे का, शिकवण्याची भाषा कुठली ते बघा. प्रवेशाच्या अटींमध्ये मॅथ्सचे, मेकॅनिक्सचे अमुक इतके क्रेडिट पाहिजेत असं लिहिलेलं असतं, ते आपल्या मार्कशीटशी ताडून बघा. जर्मनीत तर नकार येण्याचं हेच मोठं कारण असतं. मार्क चांगले असतात, पण विषय जुळत नाहीत.

आता देश

जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची थोडी वर्गणी असते. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहं या भागात, बाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासनं मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो लावलेत. फी नसली तरी राहण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातनं महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) एका वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासनंचा आहे. आपल्या मुलांना एपीएस सर्टिफिकेट (आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचं पडताळणीपत्र) लागतं, नोव्हेंबर २०२२ पासनं सक्तीचं झालं, १८ हजार रुपये फी. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पण जर्मन भाषा शिकल्याशिवाय नोकरी अवघड जाते, हे मी स्वतः भोगून सांगतोय. कोर्स इंग्रजीत असला तरी कंपनीत जेवणाच्या टेबलावर सगळे जर्मनच बोलतात, आणि इंटरव्ह्यू पण. जायच्या आधी इथंच जर्मनची बी-वन म्हणजे मधली पातळी गाठून जा, तिथं गेल्यावर क्लासला वेळ मिळत नाही.

बारावीनंतर थेट जर्मनीला जायचं असेल तर नुसती बारावी सहसा पुरत नाही. इथं डिग्रीचं एक वर्ष पास, नाहीतर जेईई अॅडव्हान्स्ड, नाहीतर तिथं स्टुडिएनकोलेग म्हणजे डिग्रीच्या आधीचा तयारीचा कोर्स असे रस्ते आहेत.

आपले मार्क त्यांच्या पद्धतीत कसे बसतात ते घरीच काढता येतं. कमाल मार्कांतनं आपले मार्क वजा करा, त्याला कमाल वजा पासिंगनं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. दहाच्या स्केलवर पासिंग ४ असेल आणि तुमचा सीजीपीए ८ असेल तर २.० येतो, ७ असेल तर २.५. तिथं १ सगळ्यात चांगला, ४ म्हणजे काठावर पास. बऱ्याच ठिकाणी २.५ ची रेघ असते, तेव्हा ७ च्या खाली असणाऱ्यांनी ती अट नसलेले कोर्स शोधावेत, ते असतात.

अमेरिका सगळ्यात महाग, पण रिसर्च आणि कॉम्प्युटरच्या कामाला तिची बरोबरी अवघड. डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी या परवानगीवर काम करता येतं आणि स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित यातला विषय असेल तर आणखी २४ महिने. त्यानंतरचा नोकरीचा एच-वन-बी व्हिसा लॉटरीवर असतो, तेव्हा लॉटरी लागेलच असं धरून ६० लाखांचं कर्ज काढू नका. पीएचडीला मात्र चित्र वेगळं आहे, तिथं चांगल्या ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड मिळतो. ज्याला खरोखर संशोधन करायचंय त्यानं थेट पीएचडीचा विचार करावा, आपल्याकडं हे कुणी सांगतच नाही.

इंग्लंडचं मास्टर्स एका वर्षात संपतं, राहण्याचा खर्च वाचतो, पण नोकरी शोधायला वेळ कमी पडतो, सप्टेंबरला पोचलात की ऑक्टोबरपासनंच अर्ज टाकायला लागतात. डिग्रीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासनं अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल, आज अर्ज करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवूनच ठरवावं. लग्न झालेल्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे जानेवारी २०२४ पासनं साध्या मास्टर्सला जोडीदाराला नेता येत नाही.

कॅनडानं २०२४ च्या जानेवारीपासनं विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली, झटपट व्हिसाची एसडीएस सोय नोव्हेंबर २०२४ ला बंद केली, आणि खात्यात दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासनं २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली. छोट्या खासगी कॉलेजातला डिप्लोमा घेऊन जायचे दिवस गेले असं माझं स्पष्ट मत आहे, जायचंच तर सरकारी युनिव्हर्सिटीतल्या मास्टर्सला जा. ऑस्ट्रेलियात व्हिसाची फीच जुलै २०२५ पासनं २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. आयर्लंड इंग्रजी बोलणारं आहे, मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं, पण डब्लिनमध्ये खोली मिळणं फार अवघड. इटलीत उत्पन्नावर आधारित प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळं कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांनी ती जरूर बघावी.

एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी वेगळं

हा भाग पालकांनी नीट वाचावा, कारण इथं चूक झाली तर सहा वर्षं जातात. नीट पास असल्याशिवाय बाहेर एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करता येत नाही. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणं कोर्स किमान ५४ महिन्यांचा पाहिजे, शिकवण्याची भाषा इंग्रजी पाहिजे, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत पाहिजे, आणि त्या डिग्रीवर त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन मिळत असलं पाहिजे. मग इथं येऊन परीक्षा आणि परत एक वर्ष इंटर्नशिप. ही परीक्षा, एफएमजीई, पहिल्या प्रयत्नात न निघणारे खूप आहेत. कॉलेजचा एजंट "एनएमसी अॅप्रूव्ह्ड" म्हणतो तेव्हा या चारही अटी एकेक करून कॉलेजकडनं ईमेलवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि देश निवडताना २०२२ चं युक्रेन आठवा, पोरांना कसं आणावं लागलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

कागद, आणि त्यातलं नावाचं दुखणं

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. आता त्यासाठी पुण्याला जायला लागत नाही, कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. साधी फी १,५०० रुपये.

नाव. आपल्या बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर कधी वडिलांचं नाव असतं कधी नसतं. डिग्रीवर तिसरंच स्पेलिंग. पासपोर्टमध्ये आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन रकाने असतात, दिलेल्या नावात स्वतःचं आणि वडिलांचं असं दोन्ही जातं. माझ्या वडिलांच्या नावात एका कागदावर "राव" होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं, तेवढ्यासाठी अॅफिडेव्हिट, मग परत प्रिंट, मग परत अपलोड असं करत दीड महिना गेला. पासपोर्ट हा मुख्य कागद धरा आणि परीक्षेचं रजिस्ट्रेशन, अर्ज, बँक खातं सगळीकडं त्यातलंच नाव अक्षर न अक्षर तसंच टाका.

शिवाजी युनिव्हर्सिटीच्या मुलांनी ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा अधिकृत कागद) वेळ ठेवून अर्ज करावा, आणि एकदम जास्त प्रती घ्याव्यात, परत परत विद्यानगरला चकरा नकोत. ऑटोनॉमस कॉलेज असेल तर कोण काय देतं ते कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारून घ्या. सोबत शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र, बॅकलॉगचं पत्र, ग्रेडिंग कसं असतं त्याचा कागद. सगळं रंगीत स्कॅन करून एका फोल्डरमध्ये, फाईलला नाव नीट देऊन ठेवा.

इंग्रजीची परीक्षा

आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळं अर्जाच्या वर्षभर आधी देऊन टाकली तरी चालतं. मराठी मिडियमची पोरं हिला उगीच घाबरतात. मी पण मराठी मिडियमचा. ऐकणं आणि वाचणं सरावानं येतं, बोलण्यात अॅक्सेंट बघत नाहीत, पण लिहिण्यात बँड अडतो, कारण आपण वाक्यं पाठ करून जातो आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. रोज एक निबंध, ४० मिनिटं घड्याळ लावून, दोन महिने. कोर्सला एकूण बँड पाहिजे की प्रत्येक विभागात वेगळा, ते नीट वाचा, एकूण ६.५ आणि कुठल्याही विभागात ६ च्या खाली नको अशी अट सर्रास असते. जीआरई ही मास्टर्स-पीएचडीच्या प्रवेशाची परीक्षा सगळीकडं लागत नाही, तुमच्या यादीतल्या कोर्सला लागत असेल तरच द्या, २२० डॉलर आहेत ते.

एसओपी आणि शिफारसपत्रं

एसओपी म्हणजे मी हेच का शिकतोय आणि तुमच्याकडंच का, याचं प्रामाणिक उत्तर. "लहानपणापासून मला मशीनची आवड होती" हे वाक्य हजारो अर्जांत असतं. त्याऐवजी, इंटर्नशिपला शिरोलीत असताना एका कास्टिंगमध्ये ब्लोहोल येत होते, आम्ही वाळूतला ओलावा तपासला, अमुक बदल केला, तरी अमुक प्रश्न सुटला नाही आणि तो तुमच्या अमुक प्रोफेसरांच्या लॅबमध्ये शिकायचाय, असं लिहा. वाचणाऱ्याला शिरोली कुठं आहे ते माहीत नसलं तरी माणूस खरा आहे ते कळतं. विकत घेतलेली किंवा एआयनं लिहिलेली एसओपी नको, व्हिसाच्या इंटरव्ह्यूत त्यातलंच विचारतात आणि पोरगं गप्प बसतं.

शिफारसपत्र एचओडींचंच पाहिजे असं नाही, ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमचा प्रोजेक्ट बघितलाय त्यांचं घ्या. त्यांना दोन महिने आधी भेटा, तुमचा सीव्ही आणि केलेल्या कामाचे चार मुद्दे लिहून द्या. बऱ्याच युनिव्हर्सिट्या थेट सरांना लिंक पाठवतात आणि ती कॉलेजच्या ईमेलवरच हवी असते, तो ईमेल चालू आहे का ते विचारा. सर ती लिंक उघडतात का याकडं पण लक्ष ठेवा, सरांची गडबड असते.

अर्ज कधी, किती

पुढच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला वर्गात बसायचं असेल तर या वर्षी मे-जूनपासनं कामाला लागा. उन्हाळ्यात हिशोब आणि यादी, पावसाळ्यात परीक्षा आणि ट्रान्सक्रिप्ट, दिवाळीच्या आत एसओपी तयार. अमेरिकेच्या बऱ्याच चांगल्या युनिव्हर्सिट्यांची तारीख डिसेंबर-जानेवारीत संपते. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची तारीख १५ जुलै म्हणून सांगतात, पण बाहेरच्या मुलांसाठी बरेच कोर्स मार्च ते मे मध्येच बंद होतात, आणि जुलैत प्रवेश मिळाला तर व्हिसाला वेळ राहत नाही. एपीएस मात्र अर्जाच्या खूप आधी, शेवटच्या सेमिस्टरला असतानाच टाका. बऱ्याच जर्मन युनिव्हर्सिट्यांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्टमधनं जाणाऱ्या अर्जांना पहिल्या कोर्सला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात.

सहा ते आठ अर्ज पुरेत. दोन जरा वरचे, चार आपल्या मार्कांना जुळणारे, दोन नक्की मिळतील असे, पण हे शेवटचे दोन पण असे पाहिजेत की तिथं जायला मन तयार असेल. एक्सेलमध्ये तारीख, फी, लॉगिन, काय पाठवलं, काय राहिलं ते लिहून ठेवा.

कन्सल्टंटकडं जायचं का

गेलात तर एक गोष्ट समजून जा. जो कन्सल्टंट तुमच्याकडनं काहीच घेत नाही त्याला युनिव्हर्सिटी कमिशन देते, त्यामुळं तो त्याच्या यादीतल्याच युनिव्हर्सिट्या सांगणार. यात लपवाछपवी आहे असं नाही, तो धंदा आहे. पण जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिट्या कमिशन देत नाहीत, म्हणून मला एका ठिकाणी सांगितलं होतं की "तुला जर्मनीत मिळणार नाही, हे खासगी कॉलेज घे." वर्षाला १० लाखांच्या वर फी होती. त्या रात्री मी सरकारी युनिव्हर्सिट्यांच्या वेबसाईट स्वतः वाचायला बसलो आणि तिथनं माझं सगळं बदललं. मदत घ्यायची तर घ्या, पण अर्जाचा लॉगिन आणि ईमेल तुमचाच पाहिजे, पासवर्ड तुमच्याकडं पाहिजे, आणि ऑफर लेटर आलं की युनिव्हर्सिटीच्या वेबसाईटवरचा ईमेल शोधून थेट त्यांनाच विचारून खात्री करा. २०२३ साली कॅनडात पंजाबमधली कितीतरी मुलं एजंटनं दिलेल्या खोट्या ऑफर लेटरमुळं अडकली होती, त्यांना स्वतःला माहीतच नव्हतं. खोटा अनुभवाचा दाखला, खोटं बँक स्टेटमेंट असलं कुणी सुचवलं तर तिथनं उठून या, पकडलं तर त्या देशाचा दरवाजा वर्षानुवर्षं बंद होतो.

व्हिसा

पैसे दाखवण्यात आपली मुलं अडकतात. भिशी, पतसंस्थेतली ठेव, सोनं, सोसायटीचे शेअर्स हे घरात पैसेच असतात पण व्हिसा ऑफिसरला ते समजावणं अवघड. ते पैसे काही महिने आधीच मोठ्या बँकेत एफडी किंवा सेव्हिंगला आणा. इंग्लंडला ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात लागते, एक दिवस जरी खाली गेली तरी नकार. ऊसबिल कारखान्याकडनं हप्त्यानं येतं, तेव्हा खात्यात अचानक मोठी रक्कम दिसते, तिच्यासोबत कारखान्याची बिलं जोडा, म्हणजे पैसा कुठला ते स्पष्ट होतं.

अमेरिकेला युनिव्हर्सिटीचं आय-ट्वेंटी (व्हिसासाठीचं प्रवेशपत्र) आलं की विद्यार्थी नोंदणीची सेव्हिस फी ३५० डॉलर, मग व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म, व्हिसा फी १८५ डॉलर, आणि मुंबईत बीकेसीला इंटरव्ह्यू. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघून सकाळी थेट इंटरव्ह्यूला जाऊ नका, गाडी लेट झाली तर संपलं. एक दिवस आधी जाऊन नातेवाईकांकडं राहा. इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांचाच असतो: हीच युनिव्हर्सिटी का, खर्च कोण करणार, शिकून झाल्यावर काय. छोटी, खरी उत्तरं द्या, पाठ केलेली नकोत. वडील शेती करतात हे सांगताना चाचरू नका, किती एकर, काय पिकतं, वर्षाला किती येतात ते नीट सांगा.

नकार आला तर आधी कारण वाचा, रडून-भांडून त्याच आठवड्यात तोच अर्ज परत टाकू नका. जे कारण दिलंय ते बदललं असेल तरच परत जा.

निघायच्या आधी

खोलीसाठी प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी अर्ज करा, जर्मनीत स्टुडंट हॉस्टेलची रांग कित्येक महिन्यांची असते. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर खोली न बघता कुणाला डिपॉझिट पाठवू नका. फीचे पैसे बँकेतनं पाठवताना टीसीएस (बँक पाठवतानाच घेते तो कर) लागतो का ते विचारा. १ एप्रिल २०२५ पासनं मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातनं पाठवलेल्या पैशांवर तो लागत नाही, स्वतःच्या पैशातनं पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. कर्जाचं व्याज भरायला लागलात की जुन्या करपद्धतीत ८०-ई खाली आठ वर्षं त्याची वजावट मिळते, बाबा रिटर्न भरत असतील तर सीएंना सांगून ठेवा.

मूळ कागद हातातल्या बॅगेत, कधीच चेक-इनमध्ये नाही. सगळ्या कागदांचा एक सेट घरी आईकडं, आणि आईच्या फोनमध्ये त्याचे फोटो, कारण तिथं गेल्यावर कधीतरी रात्री फोन करून "आई, माझ्या बारावीच्या मार्कशीटचा फोटो पाठव" म्हणायची वेळ येते. बँकेतल्या सह्यांसाठी वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा, कर्जाच्या रकमेचा पुढचा टप्पा सोडायला बँक विद्यार्थ्याची सही मागू शकते. आणि जर्मनीला जाणार असाल तर पोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायला लागते, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्या.